थांबे घेणारी गाडी की विनाथांबा? बारावीनंतरचा कोर्स निवडताना

देवगडच्या एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पाटीवर ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ असंही लिहिलेलं आहे, आणि जूनमध्ये या ओळीवरच दुकान चालतं. आंबा संपलेला असतो, वाशीच्या मार्केटमधून शेवटच्या पेट्यांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचे कागद, आलेले असतात आणि सीईटीचा, म्हणजे राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेचा, निकाल नुकताच लागलेला असतो. एका हातात पट्टी, दुसऱ्या हातात मुलाची मार्कलिस्ट घेऊन माणसं येतात. “भाऊ, ह्या चेडवाक खंय घालूया? तूच सांग.” म्हणजे, या पोरीला कुठे घालूया?

मी सांगणारा कोण? पण इतकी वर्षं फॉर्म भरून एक गोष्ट दिसली. लोक आधी कॉलेजचं नाव विचारतात, मग कोर्सचं, आणि कोर्स कुठल्या प्रकारचा आहे हे कुणीच विचारत नाही. खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी. प्रकार म्हणजे काय, तर हा कोर्स मध्येच सोडावा लागला तर हातात काय उरतं, आणि पूर्ण केला तर काम कुणाच्या सहीने मिळतं.

या वर्षी वाडा गावाकडचे एक बागायतदार मुलीला घेऊन आले. बारावीला ८२ टक्के, सीईटीला ६४ पर्सेंटाइल. बापाचा चेहरा पडलेला. “ब्याऐंशी होते ते चौसष्ट कशे झाले?”

हा घोळ आपल्याकडे जास्त होतो, त्यालाही कारण आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून कोकण विभागीय मंडळ २०१२ मध्ये वेगळं झालं, आणि तेव्हापासून दहावी-बारावीच्या निकालात कोकण राज्यात पहिलंच आहे. २०२५ मध्ये बारावीला ९६.७४ टक्के, दहावीला ९८.८२ टक्के. पेपरात फोटो येतात, वाडीत पेढे वाटले जातात. पण इंजिनीअरिंग किंवा फार्मसीच्या दारात बारावीच्या टक्क्यांचं काम फक्त आत शिरण्यापुरतं असतं. इंजिनीअरिंगला ठरलेल्या विषयांत खुल्या गटाला ४५ टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के असले की झालं. पुढचा नंबर सीईटीच ठरवते.

आणि पर्सेंटाइल हे टक्के नव्हेतच. ६४ पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी ६४ मार्क नाहीत. परीक्षेला बसलेल्या दर १०० मुलांपैकी साधारण ६४ जण तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. एक लाख मुलं बसली असं धरलं तर ३६ हजारांच्या आसपास पुढे. सीईटी अनेक सत्रांत होते, एखादं सत्र कठीण जातं, एखादं सोपं. म्हणून मार्कांऐवजी रांगेतली जागा बघतात. मी हे वाशीच्या भाषेत सांगितलं. तुमच्या पेटीत फळ किती डझन आहे ते बारावीचे टक्के सांगतात, आणि त्या दिवशी मार्केटला किती गाड्या लागल्या ते पर्सेंटाइल सांगतं. भाव दुसऱ्या गोष्टीवर ठरतो. हे त्यांना लगेच कळलं.

आता प्रकारांकडे येऊ. मी ते एसटीच्या भाषेत सांगतो, कारण दुकानातून समोर तेच दिसतं.

काही कोर्स विनाथांबा गाडीसारखे असतात. एकदा चढलात की शेवटच्या स्टँडवरच उतरायचं. एमबीबीएस, बीएएमएस, नर्सिंग, फार्मसी, वकिली या सगळ्यांत शेवटी एका कौन्सिलकडे नोंदणी होते आणि त्या नोंदणीवर काम मिळतं. एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. तिसऱ्या वर्षी सोडलं तर तुम्ही अर्धे डॉक्टर होत नाही, बारावी पास राहता. म्हणून इथे चढण्याआधी दोन गोष्टी पक्क्या हव्यात. शेवटपर्यंतचा पैसा आणि कौन्सिलची मान्यता. ‘आमचं कॉलेज सरकारमान्य आहे’ हे वाक्य ऐकून थांबू नका. नर्सिंग असेल तर नर्सिंग कौन्सिल, फार्मसी असेल तर फार्मसी कौन्सिल, वकिली असेल तर बार कौन्सिल, यांच्या यादीत ते कॉलेज याच वर्षासाठी आहे का ते बघायचं. यादी साइटवर असते, मोबाइलवर दिसते.

यातही एकाच नावाच्या खाली वेगवेगळ्या लांबीच्या गाड्या असतात. नर्सिंग म्हटलं की एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. फार्मसीत डी.फार्म दोन वर्षं, बी.फार्म चार. डी.फार्म करून मेडिकल स्टोअर टाकता येतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण आता नोंदणीसाठी एक एक्झिट परीक्षाही पास व्हावी लागते, हे फॉर्म भरताना निम्म्या लोकांना माहीत नसतं.

दुसरा प्रकार थांबे घेणाऱ्या गाडीचा, आणि माझ्या मते आपल्याकडच्या बऱ्याच घरांना हाच सोयीचा आहे. दहावीनंतर आयटीआय. इलेक्ट्रिशियन, फिटर हे दोन वर्षांचे ट्रेड, वेल्डर एका वर्षाचा. किंवा दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा. सरकारी पॉलिटेक्निक मालवणला आहे, रत्नागिरीला आहे. गंमत गणितात आहे. बारावी करून इंजिनीअरिंगला गेलात तर दोन अधिक चार, म्हणजे सहा वर्षं. दहावीनंतर डिप्लोमा करून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेलात तर तीन अधिक तीन, म्हणजे तेवढीच सहा. पण पहिल्या वाटेवर चौथ्या वर्षी अडलात तर हातात बारावी. दुसऱ्या वाटेवर तिसऱ्या वर्षाच्या शेवटी हातात डिप्लोमा असतो, त्यावर नोकरी लागते आणि डिग्री पुढेही करता येते. थेट दुसऱ्या वर्षाला सीईटी नसते, डिप्लोमाच्या मार्कांवर प्रवेश होतो. आयटीआयवाल्यालाही दोन वर्षांच्या ट्रेडनंतर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आणि बारावी सायन्स झालेल्यालाही.

मग सगळेच डिप्लोमाला का जात नाहीत? एक म्हणजे पंधराव्या वर्षी शाखा ठरवावी लागते, सिव्हिल की मेकॅनिकल, आणि त्या वयात मुलाला दोन्हींतला फरक माहीत नसतो. दुसरं, डिग्रीच्या दुसऱ्या वर्षात शिरल्याबरोबर गणिताचा पेपर अंगावर येतो. एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, म्हटलं की डिप्लोमावाल्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. ज्याचं गणित दहावीतच लंगडं आहे त्याने डिप्लोमानंतर वर्षभर काम करावं, घाई करू नये, असं मी सांगतो. कोण ऐकतं म्हणा.

तिसरा प्रकार बीए, बीकॉम, बीएस्सीचा. ‘साध्या डिग्रीला काय अर्थ?’ असं सगळे म्हणतात, आणि मुलगा इंजिनीअरिंगला लागला नाही तर तोंड पाडून इथेच घालतात. ही गाडी तुम्हाला मुक्कामाला नेत नाही हे खरं. ती मोठ्या डेपोत नेऊन सोडते आणि पुढची गाडी तुम्हाला धरावी लागते. एमपीएससीला कुठल्याही शाखेची पदवी चालते. बँकेच्या परीक्षा, बीएड, एमबीए, तीन वर्षांची एलएलबी, एमएस्सी, सगळ्यांची दारं इथून उघडतात. पण डेपोत नुसतं बाकावर बसून राहिलात तर रात्र होते. बीए करायला हरकत नाही, बीए करून ‘बघू’ म्हणायला हरकत आहे. आम्ही घरी तेच केलं. बीकॉम झाल्यावर ‘बघू’ म्हणत मी मुंबईत एका संस्थेत हार्डवेअर-नेटवर्किंगचा ‘डिप्लोमा’ केला. बापाने बैल विकले होते. सर्टिफिकेट मोठं गुळगुळीत होतं, सोनेरी कडा होती, आणि त्यावर कुठल्याही बोर्डाचं किंवा विद्यापीठाचं नाव नव्हतं. ते अजून लॅमिनेट केलेलं आहे. लॅमिनेशन मशीन कसं चालतं ते गिऱ्हाइकाला दाखवायला बरं पडतं.

नव्या शैक्षणिक धोरणाने या साध्या डिग्रीला थांबे लावले आहेत. पहिल्या वर्षानंतर सोडलं तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. मिळवलेली क्रेडिट्स अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये तुमच्या नावावर जमा राहतात आणि नंतर परत येऊन पुढे शिकता येतं. कागदावर छान आहे. पण एका वर्षाच्या प्रमाणपत्रावर कणकवलीतला दुकानदारसुद्धा नोकरी देणार नाही, हे मुलांना आजच सांगितलेलं बरं. या सोयीचा खरा उपयोग ज्याला घरच्या अडचणीने थांबावं लागलं त्याला. लग्न झालं, बाप आजारी पडला, तरी केलेलं वर्ष वाया जात नाही. चौथ्या वर्षाचं विचाराल तर पुढे एमएस्सी किंवा संशोधन करायचं असेल तरच करा, कारण मग एमएस्सी एका वर्षात होतं. नाहीतर तीन वर्षांत बाहेर पडा.

चौथा प्रकार परीक्षेवर चालणाऱ्या वाटांचा. सीए यात आलं. फाउंडेशन, इंटरमीडिएट, फायनल आणि मध्ये दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी. कॉलेजच्या लाखांच्या फीशी तुलना केली तर संस्थेची फी किरकोळ वाटते. पैशाऐवजी इथे वर्षं खर्च होतात. हुशार पण पैसा नसलेल्या कॉमर्सच्या मुलाला मी हे नेहमी सुचवतो, आणि तिसऱ्यांदा नापास झाल्यावर काय करायचं ते आधीच ठरवून ठेव, असंही सांगतो.

दर्यावर जायची वाट आपल्या किनाऱ्याला जवळची, आणि फसवणूकही तिथेच जास्त. प्रत्येक गावात कुणाचा तरी मामा बोटीवर असतो. दहावीवर सहा महिन्यांचं जीपी रेटिंग, म्हणजे खलाशाचं प्रशिक्षण, होतं. बारावीला पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) असेल तर एक वर्षाचा डीएनएस (डिप्लोमा इन नॉटिकल सायन्स), किंवा बीएस्सी नॉटिकल, मरीन इंजिनीअरिंग, त्यासाठी इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची सीईटी. संस्था डीजी शिपिंगच्या, म्हणजे केंद्राच्या जहाज वाहतूक खात्याच्या, मान्य यादीत नसेल तर तो कोर्स शून्य. डीएनएसला शिपिंग कंपनीची स्पॉन्सरशिप लागते, कारण पुढे ट्रेनी म्हणून बोटीवर दीड वर्ष काढल्याशिवाय अधिकारीपदाची परीक्षा देता येत नाही. ‘आधी पैसे भरा, कंपनी आम्ही देतो’ म्हणणारा एजंट भेटला की उठून चालू लागा. आणखी एक, जे कुणी सांगत नाही. फी भरण्याआधी डीजी शिपिंगच्या मान्य डॉक्टरकडून डोळे तपासून घ्या. रंगांधळेपणा असेल तर ही वाट बंद आहे, आणि तो आहे हे मुलाला स्वतःला बहुतेक वेळा माहीतच नसतं.

आता जवळ असून न दिसणारं. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. तिथे शेती, वनशास्त्र, कृषी अभियांत्रिकी शिकवतात. त्याच विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासून आहे, चार वर्षांचं बीएफएस्सी. मी हे सुचवलं की बंदरावरचे लोक हसतात, “मासे मारूक डिग्री कित्याक?” तिथे मासे मारायला शिकवत नाहीत हो. कोळंबीच्या हॅचरी, तळ्यातलं पाणी, माशांचे रोग, प्रक्रिया, निर्यात, सरकारी मत्स्यव्यवसाय खात्यातल्या जागा, हा सगळा त्या डिग्रीचा पसारा आहे. नोकरी शिरगावच्या दारात बसून नसते. पण किनाऱ्यावरच्या ज्या मुलाला सायन्स जमतं आणि मुंबईच्या खोलीत राहणं नको वाटतं, त्याने ही वाट न बघताच सोडू नये. हॉटेल मॅनेजमेंटचं उलटं. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला म्हणून सगळे तिकडे धावतात. घरचा होमस्टे चालवायला तीन वर्षांची डिग्री लागत नाही. मोठ्या हॉटेलात, जहाजावर, परदेशात जायचं असेल तर लागते.

वाड्याच्या मुलीकडे परत येतो. बापाचं ठरलं होतं, नवी मुंबईत मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर इंजिनीअरिंग. मी त्यांना बसवलं आणि त्यांच्याच पट्टीच्या मागे हिशेब मांडला.

मुलगी ओबीसी, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) गटातल्या अशा मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शासन पूर्ण भरतं. मुलांना निम्मी सवलत. पण प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे शासनाच्या एकत्रित प्रवेश प्रक्रियेतून, झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यात गेलात की सवलत गेली. म्हणजे तेच इंजिनीअरिंग कॅपमधून केलं तर तिला शिक्षण फी शून्य, कोट्यातून केलं तर चार वर्षांची पूर्ण फी खिशातून. वर खोली आणि मेस. महिन्याला नऊ हजार धरले तर दहा महिन्यांचे ९० हजार, चार वर्षांचे ३ लाख ६० हजार. कोकणातल्या कॉलेजात हॉस्टेल घेतलं तर यातला बराच भाग वाचतो.

“कर्ज काढूया,” ते म्हणाले. ठीक आहे. पाच लाखांचं कर्ज, दहा टक्के व्याज, सात वर्षांची परतफेड, तर महिन्याचा हप्ता साधारण ८,३०० रुपये. आणि शिकत असताना, म्हणजे हप्ता सुरू होण्याआधीच, व्याज चढत असतं ते वेगळं. पहिल्या नोकरीचा पगार २० हजार असेल तर पोर मुंबईत खोलीचं भाडं भरेल की हप्ता? चार लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत, साडेसात लाखांपर्यंत जामीनदारावर भागतं, त्यापुढे तारण. आणि तारणाला आपल्याकडे काय आहे? बाग. तिचा सातबारा सामायिक, त्यावर वीस नावं, त्यातली आठ मुंबईत आणि दोन एकमेकांशी बोलत नाहीत. बँकेचा साहेब तो कागद बघूनच चहा मागवतो.

मग त्यांचा खरा संशय बाहेर आला. “कॅपमध्ये वरचा कॉलेज घातला तर खालचा पण जाता म्हणतत.” हा गैरसमज इतका पसरलेला आहे की मी आता दुकानात कागदच चिकटवणार आहे. ऑप्शन फॉर्ममध्ये कॉम्प्युटर तुमची यादी वरून खाली वाचतो. पहिल्या पसंतीला तुमचा नंबर लागत नसेल तर दुसरी बघतो, मग तिसरी. वर मोठं कॉलेज मागितलं म्हणून खालची जागा दुसऱ्याला जात नाही. म्हणून यादी कटऑफच्या क्रमाने लावू नका, मनातल्या क्रमाने लावा. सावध राहायचं ते एकाच ठिकाणी. पहिल्या फेरीत पहिली पसंतीच लागली तर तो प्रवेश पक्का धरतात, पुढच्या फेऱ्या बंद; २०२५-२६ पासून दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी काही लागलं तरी तसंच. तेव्हा वरच्या नंबरांवर अशीच नावं हवीत जिथे उद्या बॅग घेऊन जायची तयारी आहे. नियम दरवर्षी थोडे हलतात, त्या वर्षीची माहिती पुस्तिका वाचायचीच. आणि टीएफडब्ल्यूएस नावाच्या फीमाफीच्या जागा असतात, त्यांचा कोड वेगळा असतो. कॉलेजचा साधा कोड भरला आणि हा विसरला, असं दर वर्षी चार-पाच मुलांचं तरी होतं.

कागदांबद्दल एकच सांगतो. जात पडताळणीचं प्रकरण अकरावीतच टाका. जूनमध्ये पळापळ केली तर पावती हातात येते, दाखला येईलच असं नाही. नॉन क्रीमीलेअर कुठल्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत आहे ते बघा, मुदत संपलेलं चालत नाही. या मुलीचं बाकी सगळं होतं, उत्पन्नाच्या दाखल्यावर तेवढं बापाचं नाव चुकलं होतं. तहसीलमध्ये दोन हेलपाटे.

शेवटी तिने स्वतः यादी लावली. २३ पर्याय. वरती मुंबईतली तीन, कोकणातली मुलं मुंबई विद्यापीठाच्या हद्दीतली म्हणून तिथे होम युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे त्याच विद्यापीठातल्या मुलांसाठी राखलेल्या, जागा धरून. मग रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड. कॉम्प्युटर तिने चौथ्यावर ढकललं आणि इलेक्ट्रिकल वर घेतलं. बाप काही बोलले नाहीत. दुसऱ्या फेरीत तिला रत्नागिरी जिल्ह्यातलं एक कॉलेज लागलं, इलेक्ट्रिकलच. तिने जागा स्वीकारली पण फ्रीझ, म्हणजे कायमची पक्की, केली नाही, तिसऱ्या फेरीची वाट बघतेय.

काल तेच बागायतदार भर पावसात परत आले. मला वाटलं फेरीचं विचारायला. पण सोबत धाकटा होता, दहावीला ५८ टक्के, आयटीआयचा फॉर्म भरायचा म्हणून. छत्री दाराशी टेकवत त्यांनी मला विचारलं, “ह्या पोरान मधीच सोडल्यान, तर हातात काय रवतला?”

मी म्हटलं, बसा. दहावीची मार्कलिस्ट आणलीत का?